वाचून दाखवलं, बरोबर आहे

"डोळे असे बारीक करून बघू नका. सव्वा नंबर आहे तुम्हाला."

सकाळी सकाळी, कामाच्या ठिकाणी, अनोळखी माणसाकडून ऐकावं असं हे वाक्य नव्हे. मी वळले. त्या माणसाच्या एका हातात समन्स, दुसऱ्या हातात गळकी छत्री, आणि चेहरा असा, की जणू माझ्यावर उपकारच केलेत.

खरं तर उपकार मी करत होते. चार नंबरचं कोर्ट कुठे, हे त्यानंच विचारलं होतं. 'उजवीकडे दुसरं दार, अकराला सुरू होईल,' असं सांगून मी कॉरिडॉरच्या टोकाच्या घड्याळात किती वाजले ते बघत होते. घड्याळ नेहमीसारखं धूसर होतं. मला वाटायचं, त्याची काच कुणी पुसत नाही.

"तुम्ही डोळ्यांचे डॉक्टर का?" मी शक्य तितक्या थंडपणे विचारलं.

"छे! चष्मेवाला. डॉक्टर तपासतात... आम्ही ओळखतो."

"मग दुकानात ओळखा. इथे साक्ष द्यायची असते."

"सव्वा," छत्री झटकत तो म्हणाला. "फार तर दीड." आणि छत्रीचं अर्धं पाणी माझ्या फायलींवर उडालं.

अकरा वाजता मॅडम, म्हणजे आमच्या न्यायाधीश, खुर्चीत बसल्या. शिपायानं पुकारा केला आणि दारातून तीच छत्री आत आली. मी कीबोर्डवर मान घातली.

मी तेव्हा चार नंबरच्या कोर्टाची टायपिस्ट होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलतो, मॅडम त्याचं बोलणं नीट वाक्यांत बांधून मला सांगतात, मी टाइप करते. कागद छापून निघाला की मी पिंजऱ्याशेजारी उभी राहून तो साक्षीदाराला मोठ्यानं वाचून दाखवते. तो 'बरोबर आहे' म्हणतो आणि सही करतो. लोकांना वाटतं, कोर्टात वकिलांचं चालतं. वाटू दे. मागे उरतं ते मी वाचलेलं आणि त्यानं मान्य केलेलं.

प्रकरण छोटंसं होतं; अर्थात ज्याच्या मानेवर होतं त्याच्यासाठी नव्हे. एका संध्याकाळी गोदामाच्या म्हाताऱ्या रखवालदाराला कुणीतरी मागून लोखंडी पाइपनं मारलं. म्हातारा वाचला, पण त्याचा एक कान गेला. मारणारा पळाला तो चष्म्याच्या दुकानासमोरून. पोलिसांनी जवळच्या गॅरेजमधला एक तरुण मेकॅनिक पकडला. त्याच्या खोलीत एक राखाडी टोपी मिळाली आणि तेव्हापासून तो तुरुंगात होता. पळणाऱ्याला पाहिलेला माणूस एकच होता. माझा नंबर सांगणारा.

त्या दिवशी साक्ष झालीच नाही. तुरुंगातून गाडी आली नाही, आरोपी हजर नाही, पुढची तारीख. दीड महिन्यानं.

"दीड महिना!" जाता जाता तो माझ्या टेबलापाशी पुटपुटला. "तोवर नंबर वाढेल हो."

मी हसले नाही. घरी जाऊन हसले.

---

पुढच्या तारखेला बचावाचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते. त्याच्या पुढच्या तारखेला मॅडम आजारी. चौथ्या तारखेला कसलासा संप. साक्षीदारानं मात्र दर वेळी यायचं, दुपारपर्यंत बसायचं आणि नवी तारीख घेऊन जायचं.

कॉरिडॉरमध्ये एक लांब बाक आहे. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे जाऊन बसायची, कारण कोर्टातला पंखा गरम वारा फेकतो. ज्या दिवशी तो नसायचा, त्या दिवशीही पंखा गरमच वारा फेकायचा. पण त्या दिवशी मी जागेवरच जेवायची. आता तुम्हीच काय ते समजा.

नियम सरळ आहे. साक्षीदाराशी प्रकरणाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. हवेबद्दल बोलू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. आम्ही हवेबद्दल बोलायचो.

"आज हवा कशी वाटते, बाई?"

"धूसर."

"हवा लख्ख आहे. चष्मा लावा."

"तुमचं गिऱ्हाईक वाढवायला?"

"बरं, चष्मा नको. मूठ करा." त्यानं स्वतःची मूठ डोळ्यासमोर धरली. "आत सुईएवढंच भोक ठेवा. आता त्यातून घड्याळ बघा."

मी बघितलं. आणि अकरा वर्षं धूसर असलेलं ते घड्याळ एकदम माझ्यासमोर आलं... काटे, आकडे, काचेवरची भेगसुद्धा. एक वाजून चाळीस मिनिटं! मी तशीच मूठ लावून वळले, आणि भोकात त्याचा चेहरा आला. उजव्या भुवईत एक पांढरा केस होता. तो हसत नव्हता. मी मूठ खाली घेतली.

"कसं... दिसलं?" त्यानं विचारलं.

"घड्याळ ना? छान दिसलं."

"दुकानात या. नीट तपासून देतो."

"साक्ष होईपर्यंत साक्षीदाराच्या दुकानात मला पाय ठेवता यायचा नाही."

"मग साक्षीनंतर?"

"साक्षीनंतर," मी म्हटलं. नुसता शब्द दिला, पण तो घरी जाईपर्यंत माझ्याबरोबर चालत आला.

घरी मी आणि आत्या, दोघीच. लहानपणापासून तिनंच मला वाढवलं. शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिला उत्तराआधी रीत लागते.

"रोज डोकं दुखतंय म्हणतेस. कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे. जा की."

"जाईन. तारीख मिळाली की."

"चष्म्याला तारीख लागते?" आत्यानं माझ्याकडे बघितलं. "आणि हल्ली हवेबद्दल फार बोलतेस तू. काय भानगड आहे?"

काही भानगड नाही, असं मी म्हटलं. आत्यानं एवढंच विचारलं, की भानगड जेवायला कधी येणार.

पण त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक जण बसायची, आणि तिला विसरून ही गोष्ट सांगता येणार नाही. मेकॅनिकची आई. पायात निळ्या रबरी चपला, मांडीवर डबा. मुलाला कोर्टात आणलं तर परवानगी काढून दोन घास भरवावेत, म्हणून आणलेला.

"ताई, आज तरी होईल का हो साक्ष?" ती दर वेळी मला विचारायची.

"बघू," मी म्हणायची. आणि मनात म्हणायची, नको. साक्ष झाली की तो परत कशाला येईल? समन्स संपलं की साक्षीदार संपला. अजून एक तारीख पडू दे, फक्त एक.

चौथ्या तारखेला संपामुळे काम थांबलं. शिपायानं पुढची तारीख पुकारली आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. समोर ती बाई उघडलेल्या डब्याचं झाकण परत लावत होती. झाकण बसेना. मला आनंद देणारे सहा आठवडे तिचा मुलगा गजांआड मोजणार होता. मला माझीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून पुढच्या तारखेची वाट बघायची थांबले का? नाही थांबले. हे कबूल करायला आजही जड जातं.

---

पाचव्या तारखेला पाऊस कोसळत होता. दिवे गेले, कॉम्प्युटर बंद, काम बंद. कॉरिडॉरमध्ये दुपारीच अंधारून आलं. ती आई खाली गेली होती. बाकावर आम्ही दोघंच, आणि छतातून बादलीत पडणारे थेंब.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "हवेबद्दल नाही."

इथे मी त्याला थांबवायला हवं होतं. 'नका सांगू' हे दोनच शब्द. मी म्हटलं, "मग कशाबद्दल?"

"टोपी. पळणाऱ्याच्या डोक्यावर राखाडी टोपी होती, असं मी पोलिसांना सांगितलंय. आजही डोळे मिटले की दिसते. राखाडी, कडेला दुमडलेली. पण बाई... ती मला त्या संध्याकाळपासून दिसतेय, की पोलिसांनी टेबलावर ठेवून दाखवली तेव्हापासून? तेच कळत नाही." त्यानं तळव्यांनी चेहरा पुसला. "दुकानात मी दिवसभर भिंगं बदलून विचारतो, हे स्पष्ट की ते स्पष्ट? तिसऱ्या-चौथ्या भिंगाला लोक कंटाळतात. 'हो, हेच' म्हणून मोकळे होतात. मीही तसाच मोकळा झालो असेन तर? त्या पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

मी काहीच बोलले नाही. तेवढं भान होतं. पण ऐकलं. माझं कामच ते. कानात गेलेलं माझ्या बोटांत उतरतं.

सहाव्या तारखेला सगळे हजर होते. वकील, आरोपी, वीज, मॅडमची तब्येत, सगळं ठणठणीत. मेकॅनिकची आई मागच्या बाकावर डबा घट्ट धरून बसली. चष्मेवाल्यानं शपथ घेतली. माझ्या टेबलापासून पिंजरा पंधरा पावलांवर, तिथून तो मला कायम धूसरच दिसायचा. आवाज मात्र स्वच्छ. मी टाइप करत होते, आणि प्रत्येक वाक्याबरोबर मनात एकच चाललं होतं... हे शेवटचं. यानंतर तो इथे येणार नाही.

"पळणाऱ्याचा चेहरा पाहिलात?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"नाही. पाठ पाहिली."

"डोक्यावर काय होतं?"

तो गप्प झाला. फार वेळ गप्प. मला राहवेना. हनुवटीवर हात टेकल्यासारखं करून मी मूठ डोळ्याशी नेली, आणि त्या इवल्या भोकातून त्याच्याकडे बघितलं. कपाळावर घाम, खालचा ओठ दातांत. इतक्या लांबून मी त्याला पहिल्यांदाच स्पष्ट बघत होते, आणि बघतच राहिले.

तेवढ्यात तो काहीतरी बोलला होता. मॅडमही सांगून पुढच्या वाक्यावर गेल्या होत्या.

वाक्य निसटलं की 'मॅडम, पुन्हा' म्हणायचं असतं. अकरा वर्षांत मी शेकडो वेळा म्हटलंय. त्या दिवशी म्हटलं नाही. कशाला म्हणू? डोक्यावर काय होतं, हे तर मला माहीत होतं! बोटांनी ते टाइपही करून टाकलं.

कागद छापून आला. मी पिंजऱ्याशेजारी उभी राहिले, हाताच्या अंतरावर, आणि वाचू लागले. दुकान, संध्याकाळ, पळणाऱ्याची पाठ... "त्याच्या डोक्यावर राखाडी रंगाची, कडेला दुमडलेली टोपी होती—"

माझा आवाज माझ्याच कानांवर आदळला.

तो माझ्याकडे बघत होता. ते वाक्य कुठून आलं, हे जगात दोघांनाच माहीत होतं. सही करून टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. पोलिसांच्या कागदात टोपी होतीच; इथेही राहिली असती. माझी जागा वाचली असती. त्यानं एकदा मागच्या बाकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्या नजरेत 'माफ करा' इतकं साफ लिहिलेलं होतं, की ते वाचायला चष्मा लागला नाही.

"हे मी सांगितलं नाही," तो हळूच म्हणाला.

मॅडमनी आपली टिपणं उलटली. "बरोबर. 'खात्रीनं सांगता येत नाही', असं मी सांगितलं होतं. बाई, हे कुठून आलं?"

टायपिंगची चूक, असं म्हणता आलं असतं. पण 'कडेला दुमडलेली' असं चुकून कोण टाइप करतं? आणि मागे ती आई उठून उभी राहिली होती. तिला फक्त एवढं कळलं होतं, की टोपी कागदावर आली आहे.

"मॅडम, माझं वाक्य निसटलं," मी म्हटलं. "मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. हे मी बाहेर बाकावर यांच्याकडून ऐकलं होतं, तेच लिहिलं."

मग सरकारी वकील ताडकन उभे राहिले.

"म्हणजे टोपी होती! बाहेर सांगितलीत आणि इथे गाळलीत?"

"बाहेर मी माझी शंका सांगितली," तो म्हणाला. "टोपी पाहिली की दाखवली म्हणून आठवते, ते मला माहीत नाही. माहीत नाही ते शपथेवर कसं सांगू?"

"बाईंना किती वेळा भेटलात?"

"तारखेला. कोर्टानं जेवढ्या दिल्या तेवढ्या."

कुणीतरी खुदकन हसलं.

"काय बोलायचात?"

"हवेबद्दल."

"उडवाउडवी नको! तुमचा यांच्याशी काय संबंध आहे?"

"काही नाही."

"शपथेवर आहात!"

त्यानं पिंजऱ्याचा कठडा धरला.

"संबंध नाही," तो म्हणाला. "पण... मला त्यांच्याबद्दल... थोडी ओढ वाटते."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, बसा जागेवर. लिहून घ्या."

"मॅडम... मी?"

"दुसरी टायपिस्ट रजेवर आहे. या वेळी मी सांगेन तेवढंच. आधीचं वाक्य दुरुस्त करा. मग पुढे. 'असे म्हणणे खरे आहे की, मला सदर टंकलेखिकेबद्दल थोडी ओढ वाटते. असे म्हणणे खरे नाही की, त्या ओढीपोटी मी टोपीबद्दल खोटे सांगत आहे.' लिहिलंत?"

"हो."

"'थोडी' लिहिलंत?"

"हो, मॅडम."

"जेवढं सांगितलं तेवढंच असायला हवं."

आणि मग मला ते वाचून दाखवावं लागलं. नियमच आहे. भरल्या कोर्टात, दोन वकील, एक आरोपी, त्याची आई आणि दारातून डोकावणारा शिपाई यांच्यासमोर, मी त्याच्याशेजारी उभी राहून, माझ्याच तोंडानं वाचलं, की मला माझ्याबद्दल थोडी ओढ वाटते. अशी मागणी कुणाला आली असेल?

"वाचून दाखवलं. बरोबर आहे?" मी कागदाकडे बघत विचारलं.

तो एक क्षण थांबला. "बरोबर आहे," म्हणाला आणि सही केली. पेन परत देताना त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं. ते अजून आठवतं.

मॅडमनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "खटला पूर्ण संपेपर्यंत एकमेकांशी एक शब्द नाही. पूर्ण म्हणजे पूर्ण. अपिलाचे नव्वद दिवससुद्धा. एका माणसाचं आयुष्य या साक्षीवर आहे, तिच्यावर डाग पडता कामा नये. कळलं?"

कळलं, असं आम्ही दोघंही म्हणालो. पुढच्या कित्येक महिन्यांसाठी तो आमचा एकमेकांसमोरचा शेवटचा शब्द.

---

मला लेखी ताकीद मिळाली, आणि तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बदली. निकाल लागलेली प्रकरणं तिथे येतात आणि फडताळांत जाऊन बसतात. खोलीला एकच खिडकी, छताला टेकलेली, बाहेरच्या फुटपाथच्या उंचीची. तिच्यातून माणसं दिसत नाहीत, त्यांचे पाय दिसतात.

पहिले काही दिवस मी स्वतःला खूप शिव्या घातल्या. मग एका मंगळवारी तपकिरी बूट खिडकीशी येऊन थांबले. एका बुटाची नाडी तपकिरी, दुसऱ्याची काळी. बाकावर शेजारी बसून हे बूट मी इतक्यांदा पाहिले होते! त्या दिवशी वर आमच्या प्रकरणाची तारीख होती. त्याला समन्स नव्हतं, काम नव्हतं. बूट दोन मिनिटं उभे राहिले, एकदा टाचेवर डोलले आणि गेले.

एक शब्द नाही, असा हुकूम होता. पायांबद्दल हुकुमात काही नव्हतं. मी पुढच्या तारखा पाठ केल्या. दर तारखेला बूट यायचे. मी फडताळाला टेकून उभी राहायची, हातात कुठलीतरी फाइल, आणि वाटायचं की वर हात करून तो त्या काचेला नुसता टेकवावा. टेकवला नाही कधी. त्याची साक्ष माझ्या हातानं एकदा बिघडता बिघडता राहिली होती. पुन्हा नाही.

आत्याला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चष्मा तरी कर ग. तळघरात बसून डोळे फोडून घेशील."

"करेन."

"कोपऱ्यावरचा दुकानदारही सज्जन आहे."

"आत्या, मी त्याला शब्द दिलाय."

त्यानंतर तिनं चष्म्याचं नाव काढलं नाही. रात्री माझ्या कपाळाला बाम मात्र चोळून द्यायची.

निकालाच्या दिवशी मी सकाळपासून खिडकीखालीच होते. दुपारी फुटपाथवर निळ्या रबरी चपला आल्या. ओळखीच्या, दमलेल्या. आणि त्यांच्या शेजारी, अगदी चिकटून, नवेकोरे सँडल घातलेले पुरुषाचे पाय. इतके जपून टाकलेले, की जणू रस्त्यावर चालायची सवय मोडली होती. ते चार पाय हळूहळू खिडकीतून पुढे गेले. मी तिथेच, फायलींच्या धुळीत, ढसाढसा रडले.

तीन आठवड्यांनी फाइल खाली आली. मी निकाल वाचला. टोपी सोडली तर त्या मुलाला गुन्ह्याशी जोडणारं काही नव्हतं, आणि टोपी सिद्ध झाली नव्हती. चौदाव्या पानावर मॅडमनी लिहिलं होतं, 'स्वतःला व इतरांना अडचणीत आणणारी गोष्टही या साक्षीदाराने लपवली नाही. त्याच्या शब्दावर विसंबून राहण्यास हे न्यायालय कचरत नाही.'

ते वाक्य मी किती वेळा वाचलं, हे विचारू नका.

मग उरले अपिलाचे दिवस. आता वर तारखा नव्हत्या, त्यामुळे बूटही नाहीत. काही आठवडे बरे गेले. मग मनात किडा वळवळू लागला. नव्वद दिवस त्याच्या लक्षात असतील का? 'थोडी' ओढ म्हणाला होता. थोड्या गोष्टी तीन महिने टिकतात का? दुकानात रोज कितीतरी डोळे येत असतील, माझ्याहून चांगल्या नंबराचे.

अपील झालं नाही. एक्याण्णवावा दिवस नेमका रविवारी आला, कचेरी बंद. तो रविवार मी कसा काढला ते आत्याला विचारा. संध्याकाळी मी तीच खिडकी तिसऱ्यांदा पुसायला घेतली, तेव्हा तिनं माझ्या हातातून फडकं काढून घेतलं.

सोमवारी, दहा वाजून काही मिनिटांनी, रेकॉर्ड रूमच्या अर्धवट उघड्या दारावर टकटक झाली.

"साक्षीची नक्कल मिळेल का?"

मी मान वर केली नाही. आधी बूट बघितले. एक नाडी तपकिरी, एक काळी.

"अर्ज भरलाय?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

त्यानं अर्ज पुढे केला. कागद: स्वतःची साक्ष, पान तीन. नक्कल कशासाठी हवी, या रकान्यात एकच शब्द होता: दुरुस्ती.

मी फाइल काढली, पानाची प्रत काढली. नक्कल द्यायच्या आधी ती मोठ्यानं वाचून मूळ कागदाशी ताडून बघायची असते. मी मूळ कागद त्याच्यासमोर ठेवला आणि प्रत वाचू लागले. "असे म्हणणे खरे आहे की, मला सदर टंकलेखिकेबद्दल थोडी ओढ वाटते..." इथे मला थांबावं लागलं. "वाचून दाखवलं. बरोबर आहे?"

"नाही."

"काय चुकलंय?"

"'थोडी'," तो म्हणाला. "मी सांगितलं तसंच, तुम्ही बरोबर लिहिलंत. पण ते खरं नव्हतं."

"शपथेवर खोटं बोललात?"

"एवढंच एक. सगळ्यांसमोर पुरतं सांगायचा धीर झाला नाही."

तळघरात पंखा नाही. तरी कागद हलत होता, कारण तो माझ्या हातात होता.

"निकाल लागलेल्या प्रकरणात दुरुस्ती करता येत नाही," मी म्हटलं.

"मग... आता काय करायचं?"

"वरच्या मजल्यावर बाक आहे. दीड वाजता सुट्टी होते. किती वाजलेत?" आणि सवयीनं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे बारीक करून बघितलं.

"अजून चष्मा केला नाहीत?" तो जवळजवळ ओरडलाच.

"तुमच्याकडे यायची मनाई होती."

"माझ्याकडे यायची! गावात दुसरी सतरा दुकानं आहेत."

"माहीत आहे," मी म्हटलं.

डोळे भरून आले की चष्मेवाल्यालाही समोरचं धूसरच दिसत असणार. त्यानं मूठ केली, डोळ्याशी नेली, आणि तिच्यातून माझ्याकडे बघत राहिला.

मी प्रतीवर 'खरी नक्कल' असा शिक्का मारला. त्या कागदावर आजही 'थोडी'च आहे, आणि कायम राहील. असू दे. अकरा वर्षं कागदावरची एकेक चूक खोडणाऱ्या मला ती एक तेवढी सुधारावीशी वाटली नाही.

दीड वाजता आम्ही जिना चढलो. तो दोन पायऱ्या पुढे निघाला, तशी मी त्याची बाही धरली आणि त्याला बरोबरीनं चालायला लावलं. तेवढ्या अंतरावरून तो मला चष्म्याशिवायही नीट दिसतो.